दहा मिनिटांचं इंजेक्शन, बारा आठवड्यांची राखण : लिम्फोमावरची रेडिओइम्युनोथेरपी

"झालं? एवढंच?"

सिरिंज रिकामी झाली की जवळजवळ प्रत्येक पेशंट हेच विचारायचा. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात मी बरीच वर्षं टेक्नॉलॉजिस्ट होते. इतके आठवडे तपासण्या, विम्याच्या परवानग्या, किरणोत्सर्ग हा शब्द ऐकून घरच्यांची उडालेली झोप, आणि शेवटी दहा मिनिटांत एक पारदर्शक औषध शिरेतून आत. आवाज नाही, यंत्र नाही, वेदना नाही. फसवल्यासारखं वाटतं लोकांना. मी म्हणायचे, "एवढंच नाही, खरं काम आता तुमच्याकडं आहे."

ते काम काय, ते या लेखात क्रमानं सांगते. डोस ठरवणारे डॉक्टर आणि फिजिसिस्ट तुमच्यासोबत असतातच. पण कुठल्या दिवशी काय होतं, कागदावरचा कुठला आकडा बघायचा आणि धोका कधी येतो, हे घरच्यांना आधी माहीत असेल तर निम्मी धावपळ वाचते.

औषध करतं काय

लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. त्याचे प्रकार भरपूर आहेत. त्यातले बहुसंख्य बी-पेशींपासून निघतात आणि या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२० नावाचं प्रथिन असतं. त्या प्रथिनाला नेमकं जाऊन चिकटणारी अँटीबॉडी बनवता येते. रिटुक्सिमॅब ही तशीच एक अँटीबॉडी. १९९७ साली ती अमेरिकेत मंजूर झाली आणि आज आपल्याकडच्या लिम्फोमाच्या पेशंटांनाही तिचं नाव तोंडपाठ असतं.

रेडिओइम्युनोथेरपीत अशाच अँटीबॉडीच्या पाठीवर किरणोत्सारी अणू बसवतात. पत्ता अँटीबॉडी शोधते, मारा किरण करतात. लिम्फोमाच्या पेशी किरणांना फार लवकर बळी पडतात, ही यातली मोठी जमेची बाजू. शिवाय यट्रियम-९० या किरणोत्सारी अणूतून निघणारे बीटा कण ऊतींमध्ये सरासरी ५ मिलिमीटर जातात. म्हणजे ज्या पेशीला अँटीबॉडी चिकटली ती तर मरतेच, पण आजूबाजूच्या, अँटीबॉडी न पोचलेल्या पेशीही सापडतात. गाठीचा गाभा जिथं रक्तपुरवठा कमी असतो, तिथं याचा उपयोग होतो. तोटाही इथंच लपलेला आहे. आजार अस्थिमज्जेत, म्हणजे बोन मॅरोत, पसरलेला असेल तर तिथल्या निरोगी रक्तपेशीही याच ५ मिलिमीटरच्या टप्प्यात येतात. पुढं ज्या बारा आठवड्यांबद्दल मी पुन्हा पुन्हा बोलणार आहे, त्याचं मूळ हे आहे.

या जातीची दोन औषधं बाजारात आली. पहिलं झेवालिन, अमेरिकेत फेब्रुवारी २००२ मध्ये मंजूर झालेलं. यात इब्रिटुमोमॅब नावाची उंदराची अँटीबॉडी, टायुक्सेटन नावाचा रासायनिक चिमटा आणि त्या चिमट्यात धरलेला यट्रियम-९०. दुसरं बेक्सार, जून २००३ मधलं, टोसिटुमोमॅबवर आयोडिन-१३१ बसवलेलं. बेक्सारमागं मिशिगन विद्यापीठातले मार्क कमिन्स्की आणि रिचर्ड वॉल यांचं काम होतं. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या ७६ फॉलिक्युलर लिम्फोमाच्या (हा बी-पेशींचा, सहसा सावकाश वाढणारा प्रकार) पेशंटांवरचे त्यांचे निकाल २००५ मध्ये छापून आले: ९५ टक्क्यांना गुण आला, ७५ टक्क्यांमध्ये आजार पूर्ण दिसेनासा झाला, तोही जवळपास एका आठवड्यात संपणाऱ्या उपचारानं. एवढं असूनही बेक्सार फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद झालं. २०१२ या पूर्ण वर्षात ते ७५ पेक्षाही कमी पेशंटांना दिलं गेलं होतं. औषध हरलं नव्हतं. केमो देणारा डॉक्टर एका इमारतीत, किरणोत्सारी औषध द्यायचा परवाना दुसऱ्या इमारतीत, आणि रिटुक्सिमॅब मात्र कुठल्याही डे-केअरमध्ये लावता येतं. या शर्यतीत सोय जिंकली, असं माझं मत आहे.

पहिली चौकशी: मिळतं का?

म्हणून पहिली पायरी तपासणीची नाही, फोनची. तुम्ही जिथं राहता तिथं हे औषध आज मिळतं का आणि जवळचं कुठलं केंद्र ते देतं, हे आधी विचारा. झेवालिनचे मालक बदलत गेले आणि २०१९ मध्ये ते हैदराबादच्या अरबिंदो फार्माच्या अमेरिकी उपकंपनीकडं, अ‍ॅक्रोटेककडं आलं. मालक भारतीय आहे म्हणून औषध आपल्या कोपऱ्यावर मिळेल, असा अर्थ कृपया काढू नका. हे दुकानात ठेवायचं औषध नव्हेच. यट्रियम-९० चं अर्धायुष्य ६४ तास. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मोजलेल्या किरणोत्साराचा रविवार दुपारपर्यंत निम्मा उरतो. प्रत्येक डोस त्या पेशंटच्या नावानं मागवला जातो.

भारतात विचारायचं तर मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कर्करोगावर औषधं देणाऱ्या डॉक्टरांना, नुसतं "हे माझ्यासाठी आहे का" असं विचारून थांबू नका. न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांचीही गाठ घालून द्या म्हणावं. मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आयसोटोप पुरवणारं ब्रिट नवी मुंबईत वाशीला आहे आणि परवाने देणारं अणुऊर्जा नियामक मंडळही मुंबईतच. तयार औषध परवडत नाही किंवा मिळत नाही तेव्हा काही देशांत रिटुक्सिमॅबलाच आयोडिन-१३१ जोडून वापरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल इथं हार्वे टर्नर आणि सहकाऱ्यांनी ही वाट पाडली. तुमच्या केंद्रात अशी सोय आहे का, हा प्रश्न त्यामुळं वेडगळ ठरत नाही.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे. आजच्या घडीला याच पेशंटसाठी दुसरं काय आहे? टी-पेशींना लिम्फोमावर सोडणारी बायस्पेसिफिक औषधं आली आहेत. मोसुनेटुझुमॅब अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही कार-टी थेरपी (पेशंटच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार) भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. माझ्या जुन्या कामाबद्दल मला माया आहे, पण डॉक्टरांनी यातलं काही आधी सुचवलं तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. वय झालेला पेशंट, सावकाश वाढणारा आजार, महिनोन्‌महिने दवाखान्याच्या खेपा घालण्याची ताकद नाही, अशा ठिकाणी रेडिओइम्युनोथेरपी मला अजूनही शहाणपणाची वाटते.

कोणाला चालतं, कोणाला नाही

अमेरिकेत झेवालिनला मंजुरी मिळाली ती दोन प्रकारांत. एक, कमी श्रेणीचा किंवा फॉलिक्युलर बी-पेशी नॉन-हॉजकिन लिम्फोमा, जो उलटला आहे किंवा औषधाला दाद देत नाही. दोन, २००९ पासून, फॉलिक्युलर लिम्फोमाच्या पहिल्या केमोनं गुण आल्यावर तो टिकवण्यासाठी. दुसऱ्या वापराचा आधार म्हणजे ४१४ पेशंटांवरचा 'फिट' अभ्यास. त्यात झेवालिन घेतलेल्यांचा आजार सरासरी ३६.५ महिने दबून राहिला, न घेतलेल्यांचा १३.३ महिने. एक पाचर मात्र इथं मारून ठेवते: त्या अभ्यासातल्या बहुतेकांच्या पहिल्या केमोत रिटुक्सिमॅब नव्हतं आणि एकूण आयुर्मानात ठळक फरक दिसला नाही. कोणी तुम्हाला फक्त ३६ आणि १३ हे आकडे दाखवले तर हेही विचारा.

हॉजकिन लिम्फोमात सहसा सीडी-२० नसतं, टी-पेशींच्या लिम्फोमातही नाही. त्यामुळं बायोप्सीच्या रिपोर्टवर 'सीडी-२० पॉझिटिव्ह' हे शब्द स्वतः शोधा आणि खूण करून ठेवा.

मग बोन मॅरो. मॅरोचा २५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग लिम्फोमानं व्यापलेला असेल तर हे औषध द्यायचं नसतं. प्लेटलेट एक लाखाच्या खाली असतील तरी नाही. पूर्वी शरीराच्या मोठ्या भागाला किरणांचा (रेडिएशनचा) शेक घेतला असेल किंवा स्टेम सेल गोळा करण्याचा प्रयत्न फसलेला असेल, तर ते लपवू नका. "ते फार जुनं आहे" म्हणून लोक सांगत नाहीत, पण मॅरो विसरत नाही.

फाइल

घरच्यांसाठी सगळ्यात उपयोगी तयारी म्हणजे एक फाइल. तिच्यात बायोप्सी, अलीकडचा पेट-सीटी, बोन मॅरोचा रिपोर्ट, गेल्या तीन महिन्यांचे सगळे सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट), आधीच्या केमोची नावं आणि शेवटच्या डोसची तारीख. पहिल्या केमोनंतर झेवालिन द्यायचं असेल तर ते शेवटच्या डोसनंतर किमान ६ आणि जास्तीत जास्त १२ आठवड्यांत बसवावं लागतं आणि तोवर प्लेटलेट दीड लाखावर यायला हव्यात. ही खिडकी लहान आहे. विम्याच्या मंजुरीत ती निघून गेल्याचं मी पाहिलंय.

हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे. रिटुक्सिमॅबमुळं झोपलेला विषाणू जागा होऊन यकृत निकामी होऊ शकतं. बाईचं वय मूल होण्याचं असेल तर गर्भधारणेची चाचणी, आणि उपचारानंतर बायकांनी आणि पुरुषांनी, दोघांनीही, १२ महिने गर्भनिरोधन. मूल अंगावर पीत असेल तर ते आधी बंद करावं लागतं. पुढं मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांड साठवण्याचा विषय इथंच काढायचा. डॉक्टर विसरले तर तुम्ही काढा, लाजायचं काही कारण नाही.

एक बारीक गोष्ट. अमेरिकेतल्या रिपोर्टवर प्लेटलेट '१६५' अशा छापतात, आपल्याकडं '१.६५ लाख' किंवा '१,६५,०००'. आकडा एकच. पुण्याचा रिपोर्ट न्यू जर्सीतल्या एडिसनला आणि एडिसनचा पुण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो तेव्हा यावरून दोन्हीकडं घबराट उडते.

पहिला दिवस: फक्त साधी अँटीबॉडी

पहिल्या दिवशी किरणोत्सर्ग अजिबात नसतो. रिटुक्सिमॅब लावतात, शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम या हिशेबानं. कशासाठी? रक्तात आणि प्लीहेत निरोगी बी-पेशींची गर्दी असते. किरणोत्सारी औषध थेट सोडलं तर ते तिथंच अडकून वाया जाईल. साधी अँटीबॉडी आधी जाऊन ती गर्दी हटवते आणि मग महागडं पाहुणं सरळ गाठीपर्यंत पोचतं.

उदाहरण घेऊ. पेशंट १५८ सेंटिमीटर उंच, वजन ६२ किलो. पृष्ठफळ साधारण १.६५ चौरस मीटर, म्हणजे रिटुक्सिमॅब ४१२ मिलिग्रॅमच्या आसपास. सुरुवात ताशी ५० मिलिग्रॅमनं, दर अर्ध्या तासाला ५० नं वाढवत. काही त्रास झाला नाही तर अडीच तासांहून थोडं जास्त लागतं. आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅलर्जीचं औषध देतात, त्यानं गुंगी येते. थंडी वाजणं, ताप, घशात दाटल्यासारखं, छातीवर दडपण यातलं काहीही वाटलं तर लगेच बेल दाबायची. "बघू, जाईल" हे आपलं आवडतं वाक्य इथं चालत नाही. गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा पहिल्याच वेळी येते आणि सलाईनचा वेग कमी करणं किंवा थांबवणं हा तिचा पहिला इलाज असतो.

पूर्वी याच दिवशी इंडियम-१११ लावलेली अँटीबॉडी देऊन, औषध शरीरात भलतीकडं तर जात नाही ना, ते स्कॅननं बघायचे. २०११ मध्ये अमेरिकेत ही अट काढली.

सातवा, आठवा किंवा नववा दिवस

खरा डोस या तिघांपैकी एका दिवशी. सकाळी पुन्हा २५० च्या हिशेबानं रिटुक्सिमॅब, ते संपल्यावर चार तासांच्या आत यट्रियम.

तुम्ही खुर्चीत सलाईन घेत पडलेले असता तेव्हा पलीकडच्या खोलीत काय चालतं ते सांगते, कारण ते कोणी दाखवत नाही. यट्रियमची कुपी आलेली असते. ती जाड अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या आडोशामागं ठेवतात. लोकांना वाटतं शिसं हवं. पण बीटा कण शिशावर आदळले की त्यातून एक्स-रे निघतात. म्हणून आधी प्लास्टिक. अँटीबॉडी आणि यट्रियम एकत्र करायचं, खोलीच्या तापमानाला पाच मिनिटं थांबायचं, मग त्यातला एक थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवून तपासायचं की किती यट्रियम खरंच अँटीबॉडीला धरून आहे. किमान ९५ टक्के हवं. कमी निघालं तर तो डोस पेशंटला द्यायचा नाही. सुटा यट्रियम हाडांत जाऊन बसतो. त्या पट्टीचा आकडा येईपर्यंत मी कधीही चहाला गेले नाही.

डोसचा हिशेब तुम्हीही करून बघू शकता. प्लेटलेट दीड लाख किंवा जास्त असतील तर दर किलोला ०.४ मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक). उलटलेल्या आजारात प्लेटलेट एक लाख ते दीड लाखाच्या मधे असतील तर ०.३. आपल्या ६२ किलोच्या पेशंटला पहिल्या हिशेबानं २४.८ मिलिक्युरी, दुसऱ्यानं १८.६. कमाल मर्यादा ३२. ८५ किलोच्या माणसाचा हिशेब ३४ येतो, तरी त्याला ३२ च्या वर मिळत नाही. हिशेबातलं वजन त्या दिवशीचं आहे की महिन्यापूर्वीचं, हे विचारायला हरकत नाही.

इंजेक्शन बारीक फिल्टरमधून, सुमारे दहा मिनिटांत, मागून सलाईन. तुमचं काम एकच: सुईच्या जागी जळजळ, ताण किंवा फुगवटा वाटला की त्याच क्षणी सांगायचं. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी खराब होऊ शकते. लगेच थांबवून दुसऱ्या हातात लावता येतं. एका आजीबाईंनी "तुम्ही एवढ्या मन लावून करत होतात, म्हटलं कशाला त्रास द्या" म्हणून दोन मिनिटं सोसलं होतं. सुदैवानं नुसतं टेप ओढलं जात होतं.

घरी पहिला आठवडा

यट्रियम शुद्ध बीटा सोडतो, त्यामुळं किरण बहुतांशी शरीरातच जिरतात. पेशंट त्याच दिवशी घरी जातो. नातवंडांना मांडीवर घेऊ नका, वेगळ्या खोलीत कोंडून घ्या, असलं काही लागत नाही. काळजी असते ती शरीरातून बाहेर पडणाऱ्या द्रवांची. पहिल्या सात दिवसांत साधारण ७ टक्के औषध लघवीवाटे जातं.

म्हणून तीन दिवस: संडासानंतर हात साबणानं नीट धुणं, पुरुषांनीही बसून लघवी करणं, सांडलं तर हातमोजे घालून पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकणं, एकमेकांचं उष्टं न खाणं. आपल्या घरात सगळे एकाच पेल्यातून वरून पाणी पितात, ते तीन दिवस बंद. शरीरसंबंध असतील तर आठवडाभर कंडोम. डायपर लावणारा पेशंट असेल तर सांभाळणाऱ्या बाईला हातमोजे द्या आणि कशासाठी ते नीट समजावून सांगा. नाहीतर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही आणि तिचा दोष नसेल.

आणि आता बारा आठवडे

केमो झालेल्या घरांना एक सवय लागलेली असते: औषधानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी पेशी पडतात, तिसऱ्या आठवड्यात वर येतात, मग सुटका. इथं ते गणित चालत नाही. झेवालिननंतर पेशी सातव्या ते नवव्या आठवड्यात तळ गाठतात. म्हणजे पेशंटला बरं वाटू लागलेलं असतं, गाठी विरघळलेल्या असतात, शेजारी "चेहऱ्यावर तेज आलंय" म्हणत असतात, आणि आत प्लेटलेट घसरत असतात.

माझ्या स्वतःच्या मामांचं हेच झालं. ते न्यू जर्सीत मुलाकडं राहायचे. जूनअखेर इंजेक्शन झालं. पाच आठवडे दर सोमवारी रक्त दिलं, आकडे बरे होते. मग म्हणाले, "ठणठणीत आहे मी, उगाच सुया कशाला." दोन सोमवार बुडाले. मला कळलं ते मामींच्या फोनवरून: दात घासताना रक्त थांबत नाही आणि पोटऱ्यांवर 'घामोळ्यासारखे' लाल ठिपके आलेत. मी म्हटलं, ठिपक्यावर बोट दाबा, दाबल्यावर जातो का? जात नव्हता. घामोळं नव्हतं ते. त्या रात्री प्लेटलेट १४ निघाल्या, आपल्या भाषेत १४ हजार. प्लेटलेट चढवल्या, दोन आठवड्यांत सावरले. पण त्या दोन सोमवारांत पाय घसरून डोक्याला लागलं असतं तर पुढचं काही सांगता आलं नसतं.

मामा अपवाद नव्हते, हे लक्षात घ्या. उलटलेल्या आजाराच्या अभ्यासांत निम्म्याहून जास्त पेशंटांच्या प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या होत्या आणि साधारण पाचात एकाला प्लेटलेट द्याव्या लागल्या. तेव्हा दर आठवड्याला सीबीसी, पेशी सावरेपर्यंत, आणि आकडे घसरत असतील तर डॉक्टर सांगतील तसं आठवड्यातून दोनदा. बारा आठवड्यांनंतरही काहींच्या पेशी खालीच राहतात, त्यांची राखण तितकी लांबते.

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. चार रकाने पुरे: तारीख, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी). शेवटचा आकडा रिपोर्टवर सरळ दिलेला नसेल तर काढा. एकूण पांढऱ्या पेशी २,४००, न्यूट्रोफिल ३८ टक्के, म्हणजे ९१२. एक हजाराखाली गेलं की जंतुसंसर्गाची भीती खरी होते, पाचशेखाली फार. ताप १००.४ फॅरनहाइट दिसला की क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी फोन. घरात थर्मामीटर चालू आहे का, ते आज बघा.

या काळात आपल्या घरगुती सवयीच घात करतात. अंग दुखलं की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, नाहीतर फॅमिली डॉक्टरांकडं जाऊन कमरेत इंजेक्शन. दोन्ही बंद. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध हृदयासाठी चालू असेल तर ते स्वतः थांबवू नका, इंजेक्शनच्या आधीच हृदयाच्या आणि लिम्फोमाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. दाताचं काम आधी उरकून घ्या किंवा पुढं ढकला. मऊ ब्रश. दाढीला इलेक्ट्रिक मशीन. शौचाला काळी होणं, अचानक जबर डोकेदुखी, ही थेट इमर्जन्सीत जायची लक्षणं. तोंडात फोड येऊन कातडी सोलवटायला लागली तर तेही तसंच, क्वचित होतं पण जीवघेणं असतं. जिवंत विषाणूच्या लशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

लांबचा धोका एक आहे: थोड्या पेशंटांत पुढच्या काही वर्षांत मॅरोचा आजार किंवा रक्ताचा कर्करोग उद्भवतो. ज्यांनी आधी बरीच केमो घेतलेली असते त्यांच्यात हा प्रश्न जास्त. म्हणून पेशी सावरल्यावरही रक्ततपासणी सुटत नाही, फक्त दोन तपासण्यांतलं अंतर वाढतं.

गुण किती आला हे बघायचा पेट स्कॅन बहुधा तीन महिन्यांच्या सुमारास करतात. त्याआधी "एकदा बघून तरी घेऊ" म्हणून घाई करण्यात पैशांशिवाय काही जात नाही, पण हातातही काही येत नाही.

आयोडिन असेल तर

तुमच्या केंद्रात आयोडिन-१३१ जोडलेली अँटीबॉडी देत असतील तर दोन गोष्टी बदलतात. आयोडिन गॅमा किरणही सोडतं आणि त्याचं अर्धायुष्य ८ दिवस, त्यामुळं शेजारी बसणाऱ्यालाही किरण लागतात. डोसप्रमाणे वेगळ्या खोलीत राहावं लागू शकतं आणि घरी आल्यावर लहान मुलं, गरोदर बाई यांच्यापासून अंतर, वेगळं झोपणं, हे काही दिवस पाळावं लागतं. किती दिवस, ते केंद्राचा फिजिसिस्ट मीटरनं मोजून लिहून देतो. तो कागद घेतल्याशिवाय निघू नका. दुसरं, थायरॉइड. सुटं आयोडिन तिकडं धावतं, म्हणून आधीच साधं आयोडिन देऊन ग्रंथी भरून ठेवतात. बेक्सारच्या वेळी हे थेंब किंवा गोळ्या पहिल्या किरणोत्सारी डोसच्या २४ तास आधी सुरू करून उपचाराच्या डोसनंतर १४ दिवस चालायच्या. पाण्यात टाकल्यावरही चव धातूसारखी लागते, संत्र्याच्या रसात खपते. एक दिवसही चुकवायचा नाही आणि त्यानंतर वर्षातून एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघायचं.

प्रवास

परदेशात उपचार घेणाऱ्या आपल्या लोकांचा हा शेवटचा प्रश्न ठरलेला: "गावी कधी जाऊ?" विमानतळावरचे किरणोत्सर्ग पकडणारे यंत्र आयोडिननंतर कित्येक आठवडे वाजू शकतं. औषधाचं नाव, तारीख, डोस आणि विभागाचा फोन नंबर असलेलं पत्र पासपोर्टमध्ये ठेवा. यट्रियमच्या बाबतीत यंत्रापेक्षा अडचण पेशींची असते. चौदा-पंधरा तास विमानात असताना नाकातून रक्त यायला लागलं तर काय करणार?

मामांना गणपतीला सांगलीला जायचं होतं, तिकीट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं होतं. ते फ्रिजवरच्या कागदाशेजारीच चुंबकानं लावलेलं होतं. मामींनी एअरलाइनला फोन करून ते दिवाळीवर ढकललं, आणि कागदावर सोमवारचे आणखी सहा रकाने आखले.